पाटी पुसायची नाही

डीना लोबेलने लेखकांच्या खोलीत खरीखुरी कुबडी आणून ठेवली होती. लाकडी, काखेत धरायच्या जागी जुनं कापड गुंडाळलेलं, कुठल्याशा युद्धपटानंतर स्टुडिओच्या सामानखात्यात पडून राहिलेली. नियम सोपा होता. 'कॅलिस्टा' या अंतराळयानाच्या मालिकेसाठी कोणी गोष्ट सुचवली आणि तिच्यात भिंतीवरच्या यादीतली एखादी युक्ती सापडली, की त्याने दिवसभर ती कुबडी घेऊन लंगडत हिंडायचं. जेवायला जाताना, लघवीला जाताना, संध्याकाळी गाडीपर्यंत जातानासुद्धा. शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीशी येऊन बघायची. बर्बँकसारख्या स्टुडिओंच्या गावात दुसऱ्याची फजिती फुकट बघायला मिळाली तर कोणी सोडत नाही.

भिंतीवरच्या यादीचं नावही 'कुबड्या' असंच होतं. कप्तानाचा दुष्ट जुळा भाऊ. सगळं स्वप्नच निघालं. माणसं पोचवणारं यंत्र बिघडलं आणि एकाची दोन झाली. तोच दिवस पुन्हापुन्हा उगवला. सर्वशक्तिमान परग्रहवासी मानवजातीवर खटला भरतो. विस्मृती. आणि सगळ्यांच्या वर, लाल अक्षरांत, 'पाटी पुसणे'. म्हणजे बेचाळीस मिनिटं यानावर कितीही माणसं मरोत, ग्रह जळोत, त्रेचाळिसाव्या मिनिटाला सगळं होतं तसं. कोणाला ओरखडा नाही, पुढच्या आठवड्यात नवीन संकट. डीनाचा सगळ्यात जास्त राग या युक्तीवर होता. ज्या गोष्टीत कोणाला किंमत मोजावी लागत नाही ती गोष्ट नव्हे, ती जाहिरातींच्या मधली भरताड, असं ती म्हणायची. चौतीस वर्षांची होती, हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच माहीत होतं. मालिकेचे प्रेक्षक घटले तेव्हा वाहिनीने लेखकांच्या जुन्या प्रमुखाला घरी बसवून तिला आणलं, त्याला आता सात आठवडे झाले होते.

या सात आठवड्यांत ती कुबडी कोपऱ्यात कमी आणि एल्डन प्रुइटच्या काखेत जास्त राहिली. एल्डन अठ्ठावन्न वर्षांचा, डोक्यावर केस नाहीत, पंचवीस वर्षं याच धंद्यात. त्याने आजवर विस्मृती एकतीस वेळा वापरली होती. हा हिशेब वेस ओकामुरा नावाच्या सत्तावीस वर्षांच्या लेखकाने जुन्या पटकथा चाळून मुद्दाम काढला होता आणि खोलीत मोठ्याने वाचून दाखवला होता. एल्डनला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. गुरुवारी पटकथा हातात द्यायची असेल आणि बुधवारी कप्तान ज्वालामुखीत अडकलेला असेल, तर माणूस काय करणार? शास्त्रीय बडबड यायच्या जागी तो नुसतं 'इथे विज्ञान' असं लिहून पुढे सरकायचा. एक निवृत्त भौतिकशास्त्राचे मास्तर होते, ते नंतर त्या जागा भरून द्यायचे. यान उडायचं, मालिका चालायची, घर चालायचं.

आता घर चालणं कठीण झालं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी डीनाने त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की डिसेंबरात करार संपतायत, सगळ्यांचे नवे होतीलच असं नाही. सोमवारपर्यंत त्याने एक तरी गोष्ट आणावी, यादीबाहेरची. स्वतःच्या आयुष्यातली काहीतरी खरी. "तुझं आयुष्य असेलच ना रे कुठेतरी," असं ती हसत म्हणाली होती. तिला वाटलं, आपण गोड बोललो.

एल्डनचं आयुष्य ग्लेनडेलमधल्या एका शुश्रूषागृहात, खालच्या मजल्यावर, लिंबाच्या झाडाकडे तोंड करून बसलेलं असायचं. दीड वर्षापूर्वी त्याच्या बायकोला, नोरीनला, मेंदूज्वर झाला. ताप उतरला तेव्हा तिची मागची पंचवीस वर्षं तापाबरोबर गेली होती, आणि नवीन काही टिकत नव्हतं. पंधरा मिनिटं, फार तर वीस, मग सगळं साफ. तिच्या लेखी ती तिशीतली होती, आणि काळ्याभोर केसांचा तिचा नवरा एल्डन तिला घरी न्यायला आत्ता येणारच होता. समोर बसलेला हा टकला म्हातारा तिला चर्चमधून आलेला कोणीतरी भला माणूस वाटायचा. पहिल्यांदा त्याने तिला 'नोरी' म्हणून हाक मारली तर ती घाबरून खुर्चीमागे गेली होती. तेव्हापासून तो तिला 'मिसेस प्रुइट, कशा आहात तुम्ही' असंच विचारायचा. स्वतःच्या बायकोला परक्यासारखं अहोजाहो करायचं, आणि ते चुकलं तर तिने ओरडायचं.

त्या जागेचा खर्च लेखकांच्या संघटनेचा विमा देत होता, आणि विमा काम चालू असेपर्यंतच होता. काम गेलं की उन्हाळ्यापर्यंत विमा संपून नोरीनला सरकारी जागेत हलवावं लागलं असतं. एल्डन ती जागा बघून आला होता. एका खोलीत सहा खाटा, खिडकी उंचावर, आणि एक बाई सतत कोणालातरी शिव्या देत होती. नवी जागा दिसली की नोरीन थरथरते हे त्याला माहीत होतं. दर पंधरा मिनिटांनी तिला ती जागा नवीनच दिसली असती. म्हणून डिसेंबरातला तो करार त्याला हवा होता. दुसरं काही त्याला त्या दिवसांत नकोच होतं.

खोलीत त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. बायको बहिणीकडे ऑरेगनला असते, एवढंच. या गावात ज्याची कीव येते त्यालाच आधी नारळ देतात हे त्याने पुष्कळदा पाहिलं होतं.

सोमवारी त्याच्या हातात काहीच नव्हतं. शनिवार-रविवार कोरे कागद बघण्यात गेले. सगळ्यांच्या गोष्टी झाल्या, फळ्यावर कार्डं लागली, आणि मग डीना त्याच्याकडे वळली. नाक दाबलं की तोंड उघडतं. एल्डनच्या तोंडातून जे बाहेर आलं त्याचा त्यालाच धक्का बसला.

"माझी बायको मला ओळखत नाही," तो म्हणाला.

खोली हसण्याने फुटली. वेस उठला, कोपऱ्यातून कुबडी आणली आणि कमरेत वाकून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. "घ्या आजोबा. बत्तिसावी."

डीना मात्र हसली नव्हती. "थांब रे वेस. कोणाची बायको, एल्डन? कप्तानाची?"

'माझी' म्हणायला एवढासा श्वास पुरला असता. सगळे पुढे वाकून बघत होते, कुबडी त्याच्या मांडीवर होती, आणि पंचवीस वर्षांची सवय वाईट असते.

"कप्तानाची," एल्डन म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं, आपल्याकडचं तिकडे करून. ताप, गेलेली वर्षं, पंधरा मिनिटं, तरुण नवऱ्याची वाट. सांगून झाल्यावर खोलीने ती गोष्ट फाडायला घेतली. तेच तिथलं काम होतं. पंधराच मिनिटं का, असं एकाने विचारलं. वेस म्हणाला, कारण एक प्रसंग तेवढ्यात बसतो. जुना नवरा आठवतो आणि समोरचा आठवत नाही, हे जरा जास्तच नेमकं नाही का, असं आणखी कोणी म्हणालं. डीनाने मान हलवली. "इतकं सोयीचं खऱ्या आयुष्यात काही नसतं, एल्डन. मला ही बाई खरी वाटत नाही."

आपल्या बायकोच्या आजारावर असा शेरा ऐकून माणसाने टेबल उलथायला हवं होतं. एल्डनच्या मनात आलं, खरंच, पंधरा मिनिटं जरा सोयीचीच आहेत. आणि तो ती गोष्ट दुरुस्त करायला लागला.

"ती सोंग करतेय," तो म्हणाला. "म्हणजे कप्तानाला तसा संशय येतो. तिला सगळं आठवतंय. तिला फक्त हा नवरा नकोय."

डीनाने हातातलं पेन खाली ठेवलं. वेससुद्धा सरळ बसला.

एल्डनला चव लागली. कप्तान तिला पकडायचं ठरवतो, तो पुढे सांगू लागला. परका माणूस बनून तिच्यासमोर बसतो आणि तिला सांगतो, बाई, तुमचा नवरा मेला. सोंग असेल तर ते तिथे गळून पडेल.

"आणि मग?" डीनाने विचारलं. "ती काय करते?"

"मग," एल्डन म्हणाला आणि अडखळला. "मग इथे रडणं."

पुन्हा हशा. या वेळी डीनाही हसली, पण तिने फळ्यावर नवीन कार्ड लावलं होतं. "विज्ञान भरायला आपल्याकडे मास्तर आहेत. रडणं भरायला कोणाला बोलावू? मला पुढच्या सोमवारी कळलं पाहिजे ती नेमकं काय म्हणते. टीव्हीतल्या बायका म्हणतात ते नको. खरी बाई काय म्हणेल ते आण. आणि एक ध्यानात ठेव, शेवटी पाटी पुसायची नाही. कोणालातरी किंमत पडली पाहिजे."

त्या आठवड्यात एल्डन कुबडीविना गाडीपर्यंत चालत गेला. पण खोलीत केलेली दुरुस्ती त्याच्याबरोबर घरी आली. ती सोंग करत असेल तर? कारणं तिच्याकडे होती. कपडेपटातली एक बाई होती, त्र्याऐंशी साली, आणि ते प्रकरण नोरीनला कळलं होतं. आजारपणाच्या आदल्या वर्षी तिने एकदा बॅग भरून दाराशी ठेवली होती, दोन दिवस ती तिथेच होती, मग काही न बोलता तिने कपडे परत कपाटात लावले. विसरली, असं दाखवून बायकोने नवऱ्याला कायमचं दाराबाहेर ठेवलं, तर ती गोष्ट नुसती खरी वाटणारी नव्हती, ती चांगली गोष्ट होती. यादीत नसलेली.

शनिवारी दुपारी तो नोरीनसमोर बसला. शुश्रूषागृहाच्या दारात हॅलोविनच्या सणाचे भोपळे अजून मांडलेले होते, तिच्या मांडीवर निळी शाल होती. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग त्याने सांगितलं की मिसेस प्रुइट, एक वाईट बातमी आहे. तुमचे यजमान गेले. गाडीचा अपघात.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. डोळ्यांच्या कडा, ओठ, हात. इतकं लक्ष देऊन त्याने तिच्याकडे लग्नाच्या दिवशीही पाहिलं नसेल.

"माझा कोट त्याच्या गाडीत आहे," नोरीन म्हणाली. मग तिने झाडाकडे पाहिलं. "हे एल्डनला कोण सांगणार? असलं काही झालं की मी आधी त्यालाच सांगते."

आणि मग तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. ती रडली ती तोंडावर हात न घेता, लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. सोंग नव्हतं. एल्डनला ते पहिल्या क्षणीच कळलं, आणि आपण काय केलं तेही कळलं. त्याच वेळी, देवाला माहीत का, त्याला आनंदही झाला. कोणी आपल्यासाठी असं रडेल हे त्याला माहीत नव्हतं. तिचा हात धरायला तो पुढे झाला तर तिने तो झिडकारला, कारण परक्याचा हात तिला त्या वेळी नको होता.

सोळा मिनिटांनी ती थांबली. ओल्या गालाला बोट लावून तिने ते निरखून पाहिलं, डोळ्यात काहीतरी गेलं वाटतं, असं म्हणाली आणि त्याच्यापुढे लिंबाच्या गोळ्यांची डबी धरली. तुम्ही चर्चमधून आलात का, असं विचारलं.

गाडीत बसून एल्डनने तिची दोन्ही वाक्यं लिहून काढली. मग ती पुन्हा एकदा लिहिली, आणि दुसऱ्यांदा लिहिताना त्याने एक शब्द सुधारला.

सोमवारी त्याने ती वाचून दाखवली तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही. वेसने चष्मा काढून पुसला. हे तुला सुचलं कसं, असं डीनाने विचारलं. असंच, एल्डन म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या एकाही वाक्यानंतर अशी शांतता झाली नव्हती, आणि ती त्याला फार आवडली. मग डीनाने कामाचं बोलायला घेतलं. एकदा ऐकून कप्तानाची खात्री पटणार नाही. तो पुन्हा सांगेल, वेगळ्या तऱ्हेने. अपघात नाही, आजार म्हणून सांगितलं तर ती काय विचारेल? आधी रागावेल का? देवाला शिव्या देईल का? तिला आणखी तीन प्रसंग हवे होते.

एल्डन बुधवारी गेला, शनिवारी गेला, पुढच्या बुधवारी गेला. नवरा हृदयविकाराने गेला म्हटल्यावर नोरीनने विचारलं, तो जेवला होता का. आगीत गेला म्हटल्यावर ती उठून दाराकडे निघाली, आत्ता बाहेर काढलं तर वाचेल म्हणाली, आणि तिथल्या दोघी सेविकांनी मिळून तिला धरावं लागलं. बुडून गेला म्हटल्यावर तिला हसू आलं, त्याला पोहता येत नाही म्हणून तो कधी पाण्यात उतरतच नाही हो, असं ती समजुतीने सांगत राहिली, आणि मग मध्येच गप्प झाली. दर वेळी नवऱ्याचं मरण तिला पहिलंच होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं आपण म्हणतो. इथे तर मढंही नव्हतं, जिवंत बाई होती, आणि हा वाटी घेऊन बसला होता.

त्याने स्वतःची समजूत कशी घातली तेही सांगायला हवं. पंधरा मिनिटं, तो म्हणायचा. पंधरा मिनिटांनी तिला काही नसतं. ती गोळी देते, हवेबद्दल बोलते, होती तशी होते. कोणाला ओरखडा नाही. आणि हे सगळं तिच्याच खिडकीसाठी, तिच्याच झाडासाठी चाललंय. लाल अक्षरांत वर्ज्य केलेली युक्ती त्याला घरच्या घरी सापडली होती, आणि ती वापरताना आपण यादीतलंच काहीतरी वापरतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या दिवशी लूझने त्याला ओसरीत गाठलं. लूझ तिथली सेविका, फिलिपिन्समधून आलेली, पन्नाशीची. नोरीनचे केस तीच विंचरायची. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"सर, राग मानू नका. तुम्ही मिसेस नोरीनना काय सांगता?"

काही नाही, असंच जुनं काही, एल्डन म्हणाला.

"शब्द त्या विसरतात. रडणं नाही विसरत. तुम्ही गेलात की झोप लागेपर्यंत रडतात. जेवणाचं ताट ढकलून देतात. मी विचारते, काय झालं हो? तर म्हणतात, कोणीतरी गेलंय, आणि ही माणसं मला नाव सांगत नाहीत."

एल्डन भिंतीला टेकला. "काय म्हणाली? पुन्हा सांगा."

लूझने पुन्हा सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तिला बरं वाटलं, निदान बोलण्याचा उपयोग झाला. एल्डन राक्षस नव्हता. तो गाडीत बसून खूप रडला, आता हे बंद, असं त्याने मोठ्याने स्वतःला सांगितलं, आणि ते त्या क्षणी अगदी मनापासून होतं. मग डोळे पुसून त्याने ते वाक्य लिहून घेतलं. चांगलं वाक्य वाया घालवायचं नाही हे त्याच्या हाडात होतं.

डीनाला गोष्टीचा शेवट मिळाला. कप्तानाची खात्री पटते की बायको सोंग करत नाही, तो सुटकेचा श्वास टाकून यानाच्या नियंत्रणकक्षात जातो, आणि ती एकटी खोलीत रडत बसते, कशासाठी ते तिला माहीत नाही. पाटी पुसली गेली, पण रडणं राहिलं. किंमत पडली. डीनाने पटकथा छातीशी धरली आणि पंचवीस वर्षं हा माणूस कुठे दडून बसला होता, असं सगळ्यांसमोर विचारलं. चित्रीकरणाच्या दिवशी 'कोणीतरी गेलंय' हे वाक्य म्हणताना नटीचा आवाज खरोखर फाटला आणि प्रकाशवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीत भाग दिसला तेव्हा पत्रांचा ढीग आला. ज्यांच्या आईवडिलांची स्मृती गेली होती अशा माणसांनी लिहिलं होतं की तुम्हाला हे कसं कळलं, आमच्या घरी अगदी असंच आहे. करार डिसेंबरातच झाला होता, दोन वर्षांचा. वेस त्याला आता 'गुरुजी' म्हणायचा, आणि त्यात टवाळी नव्हती.

त्या दिवसांत एल्डन ग्लेनडेलला जायचा, हवापाण्याचं बोलायचा, गोळी घ्यायचा आणि परत यायचा. बातमी नाही, मरण नाही. नोरीन शांत होती. लूझने त्याला नाताळात घरचा केक दिला.

फेब्रुवारीत डीनाने मालिकेच्या त्या हंगामातल्या शेवटच्या भागाची आखणी सुरू केली. तिला कप्तानाची बायको पुन्हा हवी होती. वाहिनीलाही हवी होती. तिथे थांबायचं नाही, तिथून पुढे जायचं, ती म्हणाली. कप्तान आता पुन्हा तिच्या दारात उभा आहे; काय होतं? एल्डनने तीन आठवडे ते स्वतःच्याच डोक्याने लिहायचा प्रयत्न केला. त्याने काय काय लिहिलं ते त्यालाच वाचवेना. नोरीनचं वाक्य मध्ये ठेवलं की बाजूची त्याची सगळी वाक्यं खोटी वाजायची. शेवटी त्याने दिलेल्या पानांवर चार ठिकाणी 'इथे ती बोलते' असं लिहून जागा सोडलेली होती. डीनाने ती पानं शेवटपर्यंत वाचली. मग तिने नुसतं कोपऱ्यातल्या कुबडीकडे पाहिलं. वाहिनीला सोमवारी उत्तर द्यायचंय, एवढं म्हणाली, आणि करार दोन वर्षांचा असला तरी त्यात वाहिनीला केव्हाही मोडता येईल असं कलम असतंच, हे तिला सांगावं लागलं नाही.

शनिवारी एल्डन नोरीनच्या खोलीच्या दारात उभा राहिला. लूझ तिचे केस विंचरत होती. नोरीनने मान वळवली, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने एक शब्द बोलायच्या आधी तिची हनुवटी थरथरायला लागली.

"हा नको," ती लूझला म्हणाली. "मी ओळखते याला."

लूझचा कंगवा केसांतच राहिला. इथे आल्यापासून त्यांनी एकाही माणसाला ओळखलेलं नाही, सर, ती हळूच म्हणाली. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं की नवीन काही त्यांच्यात राहणारच नाही.

बावीस महिने एल्डन या एका शब्दाची वाट बघत होता. आजारपणाच्या सुरुवातीला तो रोज आरशात बघून दाढी करायचा, जुना कोट घालायचा, तिला ओळख पटावी म्हणून केसांचा टोपही विकत आणला होता. तो आत आला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "कोण आहे मी?"

"नाव माहीत नाही," नोरीन म्हणाली. ती खुर्चीत जेवढं मागे सरता येईल तेवढी सरली होती. "तुम्ही आलात की कोणीतरी मरतं."

लूझ दोघांच्या मध्ये आली. सर, आज राहू द्या, ती म्हणाली, पुन्हा या, आज नको. एल्डन उठला. त्याने गुडघे झटकले. ती मला ओळखते, असं तो म्हणाला, तुम्ही ऐकलंत ना, ती मला ओळखते. मग त्याने लूझला दार ओढून घेऊन बाहेर जायला सांगितलं. तो नवरा होता, कागदांवर सही त्याची होती, आणि नवऱ्याला अडवावं असा नियम तिथे नव्हता. लूझ थोडी थांबली, नोरीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

नोरीन रडायला लागलीच होती. एल्डनने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि मांडीवर वही उघडली.

"आज कोण गेलं, मिसेस प्रुइट?" त्याने विचारलं, आणि ती सांगेल तसं लिहून घेऊ लागला.